रविवार, सहल आणि घर : आबांनी शिकवलेला आंबेडकरवाद



आपल्या बैठकांत, शिबिरांत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक टोमणा हमखास ऐकायला मिळतो : "फ्लॅट घेतला की माणूस चळवळीतून गेला." त्याचाच जोडभाऊ असलेला दुसरा टोमणा असा : "सहली कसल्या काढताय, समाज जळतोय!" बोलणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. शिकून पुढे गेलेल्या, वस्तीकडे पाठ फिरवलेल्या माणसांचा राग त्याच्या मनात असतो आणि तो राग मलाही आहे. पण या टोमण्यामागे एक विचार दडलेला आहे आणि तो विचार मला घातक वाटतो. चांगलं घर, मोकळा वेळ आणि कुटुंबासोबत फिरायला जाणं या गोष्टी मुळात 'त्यांच्या' आहेत, आणि आपण त्या घेतल्या म्हणजे आपण त्यांच्यासारखे झालो, असा तो विचार आहे. हे कुणी ठरवलं?

या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, आयुष्यातून देणार आहे. आबा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातलं गाव सोडून ते आजीला घेऊन हडपसरला आले. तेव्हाचं हडपसर म्हणजे भाजीपाल्याचे मळे. आधी मळ्यात रोजंदारी, मग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हेल्पर, पुढे मशीन ऑपरेटर आणि २००६ साली निवृत्ती. राहायला रामटेकडीवर पत्र्याची खोली. आबा कधी कुठल्या पक्षाचे पदाधिकारी झाले नाहीत, स्टेजवर बोलले नाहीत. पण मी समाजशास्त्रात एम.ए. करताना जे वाचलं, त्यातलं बरंच काही ते आधीच जगून बसले होते.

रविवार आपल्याला कुणी दिला?

पगार झाल्यानंतरचा पहिला रविवार आबा सहलीसाठी राखून ठेवायचे. त्या दिवशी ओव्हरटाइम मिळत असला तरी घ्यायचे नाहीत. दुप्पट पैसे सोडून हा माणूस पोरं घेऊन हिंडतो म्हणून शेजारपाजारचे हसायचे, आजीही चिडायची. आबांचं उत्तर ठरलेलं असायचं : "ही सुट्टी मालकानं दिलेली न्हाई, आपल्या मान्सांनी मिळवलीय. ती इकायची न्हाई."

इतिहास काढून बघा, आबा बरोबर बोलत होते. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी बांधलेल्या कामगारांच्या लढ्यामुळे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगारांना भरपगारी रजा देणारी कायद्यातली दुरुस्ती त्याच काळातली, १९४५ ची. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले ते १९४६ च्या दुरुस्तीने, आणि त्या दुरुस्तीमागचं कामही त्यांच्याच खात्यातलं. म्हणजे कामगाराचा मोकळा वेळ ही सत्यशोधक आणि आंबेडकरी चळवळीची कमाई आहे. आज आयटी पार्कातला सवर्ण इंजिनिअरसुद्धा 'वीकेंड' म्हणून जो उपभोगतो, त्यातही या लढ्याचा वाटा आहे.

एम.ए.ला असताना थॉर्स्टीन व्हेब्लेन यांचं १८९९ चं 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' अभ्यासायला होतं. रिकामा वेळ दाखवता येणं हीच वरच्या वर्गाची खूण असते, असं त्यांचं म्हणणं. वाचता वाचता वाटलं, आपल्याकडे हे वर्गाच्याही आधी जातीने ठरवून टाकलं होतं. महाराला गावाने वेळच ठेवला नव्हता. सांगावा आला की निघायचं. मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळायचं, दवंडी द्यायची. वेळ गावाच्या मालकीचा होता. ज्याचा वेळ त्याचा नाही, तो माणूस गुलाम. आबांनी महिन्यातला एक दिवस स्वतःच्या मालकीचा केला, ही साधी गोष्ट नव्हती.

सहल आणि मानवंदना

आपल्या कुटुंबांचा प्रवास बहुतेक वेळा कशासाठी होतो? ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर. नाहीतर मोर्चा, मयत, लग्न. म्हणजे दुःख, अभिवादन किंवा संघर्ष. वर्तमानपत्रं आपल्याला बघतात ती फक्त गर्दी म्हणून. आणि चैत्यभूमीला जाणाऱ्या आपल्या माणसांना 'फुकटे' म्हणून हिणवण्याची परंपरा तर जुनीच आहे.

आबांनी यात फरक केला होता. "चैत्यभूमीला जातो ती मानवंदना. तिला सहल म्हणायचं न्हाई. आन् सहलीला जातो ती आपल्या आनंदासाठी. त्याची लाज वाटू द्यायची न्हाई." मला हा फरक फार मोलाचा वाटतो. दलितांच्या दुःखावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आमच्या आनंदाचा हक्क मान्य करणारे फार थोडे आहेत आणि त्या थोड्यांत आपलेही कमीच.

सहलीचे आबांचे नियम होते. कपडे धुतलेले आणि इस्त्री केलेले, आदल्या रात्री पितळी तांब्यात निखारे घालून ते स्वतः इस्त्री करायचे. दुपारी एकदा तरी हॉटेलात खुर्चीवर बसून काहीतरी खायचं, मग प्रत्येकाला एक भजी आणि अर्धा कप चहा का असेना. घरी आल्यावर प्रत्येक पोराने वहीत एक पान लिहायचं. खुर्चीवर बसण्याचा हट्ट कशासाठी, हे मला मोठी झाल्यावर कळलं. आबांच्या गावात चहाच्या टपरीवर महारांची कपबशी वेगळी, छपराच्या वळचणीला अडकवलेली असायची. ती आपली आपण काढायची, आपण विसळायची, आणि चहा जमिनीवर बसून प्यायचा. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम १९७२ साली काढली, आणि त्याच वर्षी आबांनी गाव सोडलं. यावरून काय ते समजा.

आता बाबासाहेबांच्या आठवणी आठवा. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून छोटा भीमराव आणि भावंडं-भाचरं गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला निघाली. अंगात नवे कपडे, डोक्यावर झगमगीत टोप्या, आगगाडीने जायचा आनंद. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. दुप्पट भाडं कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. जवळ जेवण होतं, पण पाणी कुठे मिळालं नाही. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बॅरिस्टर आंबेडकरांचा टांगा हाकायला नकार दिला. मग आपल्याच एका माणसाने सवय नसताना टांगा हाकला आणि अपघात होऊन बाबासाहेब जखमी झाले. १९३४ साली सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला जाताना दौलताबादच्या किल्ल्यावर सगळ्यांनी हौदाच्या पाण्याने तोंड धुतलं म्हणून गदारोळ झाला. आत जाऊ दिलं ते सोबत शिपाई देऊन, पाण्याला हात लागू नये म्हणून.

हे तिन्ही प्रसंग प्रवासातले आहेत. त्यातला पहिला मुलांच्या सुट्टीतला आणि तिसरा चक्क सहलीतला. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या उपकलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते यांचा उल्लेख आला, तो कोरडा तपशील म्हणून वाचू नका. मसूरच्या बैलगाडीतला तहानलेला मुलगा मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, हे त्या उपकलमाशेजारी ठेवून वाचा. आबा आम्हाला इस्त्रीचे कपडे घालून हॉटेलात खुर्चीवर बसवत होते, तेव्हा ते १५(२) ची अंमलबजावणी करत होते.

लेण्यातला सुतार

आम्ही कुठे कुठे जायचो? हडपसरहून बसने पुणे स्टेशन, तिथून लोणावळा लोकलने मळवली. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. देहूरोडच्या विहारात, जिथे बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. गंज पेठेत फुलेवाड्यात, जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद बघायला. आणि पर्वतीवर. बाकीचे लोक पर्वतीवर देवाला आणि हवा खायला जायचे. आबा पायऱ्या चढता चढता आम्हाला १९२९ चा पर्वती सत्याग्रह सांगायचे, शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांची नावं सांगायचे. वर पोचल्यावर मात्र भाषण बंद, शेंगदाणे आणि पुण्याचा नजारा.

कार्ल्याची गोष्ट सविस्तर सांगते. तिथल्या चैत्यावर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, सुगंधी वस्तू विकणारा सिंहदत्त आहे आणि सामी नावाचा एक सुतार आहे, ज्याने दर्शनी भागाचं काम केलं. आबांना हे कुणा अभ्यासू भन्तेंनी सांगितलं होतं. ते त्या सुताराचं नाव आम्हा पोरांकडून पाठ करून घ्यायचे. "सुताराचं नाव दोन हजार वर्षं भिंतीवर हाय. राजाच्या जोडीला. गावच्या देवळावर कुठल्या कामगाराचं नाव बघितलंय का कुणी?"

शाळेच्या सहलीत हेच लेणं आम्हाला 'पांडवांनी एका रात्रीत कोरलं' म्हणून दाखवलं होतं. बौद्ध वारसा आपल्या डोळ्यांसमोर असून पुसला कसा जातो, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी तिथे शिकले. सांस्कृतिक भांडवल असा शब्द समाजशास्त्रात आहे. सवर्ण घरातल्या पोरांना ते आजोळी, वाड्यात, पुस्तकांच्या कपाटात आयतं मिळतं. आमच्या आबांनी ते लोकलच्या तिकिटावर कमावून आम्हाला दिलं.

या सहलींची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजी पहाटे चारला उठून वीस भाकऱ्या थापायची, सुकटाची चटणी करायची, अंडी उकडायची. एकदा मळवलीच्या स्टेशनात ती म्हणाली, "तुमची सहल, माझी भाकरी." आबांना ते लागलं. पुढच्या महिन्यापासून सहल दोन महिन्यांतून एकदा झाली आणि जेवण बाहेर, आजीसकट सगळ्यांना राईसप्लेट. मोकळा वेळ पुरुषालाच मिळत असेल तर ती समता अर्धीच, हे आजीने चार शब्दांत सांगितलं नसतं तर आबांच्याही लक्षात आलं नसतं. आपल्या कार्यक्रमांना पाचशे माणसांचं जेवण बनवणाऱ्या बाया भाषण किती ऐकतात, हा प्रश्न इथेच विचारून ठेवते.

घर म्हणजे नकाशा, आणि नकाशा म्हणजे जात

आता घराकडे येऊ. गेल्या वर्षी आम्ही सातववाडीच्या बाजूला एक जुना दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, पप्पांचं आणि माझं कर्ज काढून. खरेदीखत आजी आणि आईच्या नावावर केलं. महिलांच्या नावावर घर घेतलं की महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे एक कारण. दुसरं कारण, हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचं नाव घ्यायचं आणि घराच्या कागदावर फक्त पुरुषांची नावं लावायची, हे आबांना पटलं नाही.

घर शोधताना काय काय ऐकलं? एजंट बजेट विचारायच्या आधी आडनाव विचारायचे. आडनावावरून अंदाज येईना तेव्हा "मूळ गाव कुठलं?", "व्हेज की नॉनव्हेज?" एका ठिकाणी टोकन द्यायला गेलो त्या दिवशी मालकाचा विचार बदलला. २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पैसे, नोकरी सगळं सारखं असूनही दलित आणि मुस्लिम नावांच्या माणसांना घर नाकारलं जातं, हे त्यात समोर आलं. "आता कुठे राहिली जात?" असं विचारणाऱ्यांनी एकदा आमचं आडनाव लावून पुण्यात घर शोधून बघावं.

१९१७ साली कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळालं नाही. पारशी सरायीत नाव बदलून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. त्यांनी सामान काढलं, बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पुढे कितीतरी वर्षं परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या. आणि मग दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेलं राजगृह. घर पुस्तकांसाठी बांधलं आणि नाव दिलं मगधाच्या प्राचीन राजधानीचं. वस्ती निवडली ती सवर्णांची. बांधकामात स्वतः जातीने लक्ष घातलं. आता मला सांगा, हा माणूस चळवळीतून गेला होता का? राजगृहात राहायला गेल्यानंतरच, १९३५ साली, येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. घराने त्यांची चळवळ मऊ केली नाही. त्या घराने चळवळीला अभ्यासाची खोली दिली.

हडपसरमध्ये तर घराचा आणि जातीचा संबंध रोज डोळ्यांसमोर आहे. मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, बिल्डरला विकून मोकळं होण्याऐवजी स्वतःच कंपनी काढून भागीदार झाले. या प्रयोगाचं देशभर कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. पण ज्याच्याकडे सातबारा होता तो भागीदार झाला. ज्याच्या हातात नुसतं खुरपं होतं, त्याच्या वाट्याला तिथे वॉचमनची टोपी आणि त्याच्या बायकोच्या वाट्याला धुणीभांडी आली. माझ्या आजीने त्या भागातल्या फ्लॅटांत अकरा वर्षं धुणीभांडी केली. जमीन कुणाकडे होती आणि का होती, हा प्रश्न विचारल्याशिवाय शहरातल्या घरांचा हिशेब पूर्ण होत नाही.

आबांचा आराखडा

घर ताब्यात आलं त्या दिवशी आबांनी माझ्या भाच्याच्या चौकडीच्या वहीत नकाशा काढला. पैसे मोजकेच होते. भावाला हॉलमध्ये फॉल्स सीलिंग आणि मोठं टीव्ही युनिट हवं होतं. आबांनी क्रम लावला तो असा.

पहिला क्रमांक संडासाचा. कमोड आणि भिंतीला धरायचा दांडा. रामटेकडीवर आजीने तीस-पस्तीस वर्षं सार्वजनिक संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभं राहून काढली, तिचे गुडघे गेलेत. "आधी तिची रांग संपवा, मग छताचं बघू."

दुसरा ओटा. मिस्त्रीने नेहमीच्या मापाने खूण केली होती. आबांनी आजीला आणि आईला उभं करून कोपरापासून माप घ्यायला लावलं. आजीने खिडकी ओट्यासमोर मागितली, ती मिळाली. ठेकेदाराच्या माणसाने वास्तुशास्त्र काढलं, स्वयंपाकघर अमुक दिशेला नको म्हणाला. आबा म्हणाले, "उजेड कुठनं येतो तेवढं बघ. बुद्धानं दिशेला नमस्कार कसा करायचा ते सांगितलंय, आईबापाची, गुरूची, बायकापोरांची, कामगारांची काळजी घ्यायची." सिगालोवाद सुत्तातला हा अर्थ त्यांनी विहारात ऐकला होता.

तिसरं, देवघर. आधीच्या मालकांनी संगमरवरी देवघर तसंच ठेवलं होतं. मिस्त्रीने फोडू का विचारलं. आबांनी फोडू दिलं नाही. नीट उतरवून घेतलं आणि शेजारच्या एका कुटुंबाला हवं होतं, त्यांना दिलं. त्या जागी जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांची मांडणी येते आहे. हॉलमध्ये सोफ्याऐवजी घडीची टेबलं. रविवारी सकाळी रामटेकडीवरची दहावी-बारावीची पोरं इथे अभ्यासाला येणार आहेत, कारण आठ बाय दहाच्या खोलीत पोरगं अभ्यास कसं करतं हे आबांना माहीत आहे. गवंडी, प्लंबर, रंगारी सगळे वस्तीतलेच लावले आणि त्यांचा चहा घरातल्याच कपात.

चौथा मुद्दा सगळ्यात अवघड निघाला. फोटो. बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो दारासमोरच्या भिंतीवर, असं आबांच्या नकाशात होतं. पप्पा हळूच म्हणाले, "आतल्या खोलीत लावू. इथे येणारे-जाणारे लोक वेगळे आहेत."

मी पप्पांवर टीका करणार नाही. २०१८ च्या जानेवारीत भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर त्यांच्या कामाच्या ठिकाणी जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा कशा बदलल्या, ते त्यांनी सोसलंय. ज्याला रोज टिकायचं असतं, त्याची भीती खोटी नसते. अनेक शिकलेल्या बौद्ध घरांत हा फोटो हॉलमधून बेडरूममध्ये आणि बेडरूममधून कपाटात जातो, तो माणूस वाईट असतो म्हणून नाही. जात नावाची व्यवस्था त्याच्याकडून रोजचा कर वसूल करते.

आबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पत्र्याच्या खोलीत फोटो दारासमोर व्हता, कारण लपवायला जागाच नव्हती. आता जागा झाली म्हणून लपवायचं का?"

त्यावर कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी पप्पांनी स्वतः ड्रिल मशीन आणलं आणि दारासमोरच्या भिंतीला भोक पाडलं. भीती गेली का? मला नाही वाटत. पण निर्णय भीतीने घेतला नाही.

आणि मग लिफ्टची नोटीस

काम चालू असतानाच इमारतीच्या लिफ्टबाहेर नोटीस लागली : घरकाम करणाऱ्या बायका, कचरा नेणारे आणि डिलिव्हरीवाले यांनी जिना वापरावा. आजीने ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. तीही एकेकाळी अशीच दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने चढत होती. या वेळी मात्र ती त्या इमारतीत घराची मालकीण होती, सोसायटीची सभासद होती. सहकारी सोसायटीत एका सभासदाला एक मत असतं, मग तो पेंटहाऊसवाला असो की आमची आजी. आजीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने अर्ज दिला. मी मजकूर लिहिला, सही तिची. आत्तापर्यंत त्यावर सात सभासदांनी सह्या केल्यात, त्यात दोन कुटुंबं आपली नाहीत. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय येणार आहे. निकाल काय लागेल ते लागेल. पण घर आजीच्या नावावर नसतं तर तो अर्जच झाला नसता.

टोमणा मारणाऱ्या मित्रांना मला हेच दाखवायचं आहे. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांबद्दल व्यथा बोलून दाखवली, ती आपण सगळे सांगतो. त्यांची तक्रार नीट समजून घ्या. शिकलेली माणसं स्वतःचं पोट भरण्यात गुंतली आणि समाजाकडे वळली नाहीत, ही ती तक्रार होती. चांगल्या घरात राहू नका, असं त्यांनी म्हटलेलं नाही. गरिबी ही पवित्र गोष्ट आहे, असं मानणारे दुसरे होते. बाबासाहेबांनी ते तत्त्वज्ञान कधीच स्वीकारलं नाही. ते सूट घालत, ग्रंथ जमवत, उतारवयात व्हायोलिन शिकले आणि खेडं हे संकुचितपणाचं डबकं आहे हे संविधान सभेत १९४८ साली ठणकावून सांगितलं. झोपडीत राहणं हा आंबेडकरवादाचा पुरावा नाही. झोपडीत राहायला लागणं हा जातिव्यवस्थेचा पुरावा आहे.

पण दुसऱ्या बाजूचंही ऐका. फ्लॅट घेतला म्हणून जात संपत नाही. रामटेकडीवर अजून रांगा आहेत, तिथली पोरं अजून रस्त्याच्या दिव्याखाली वाचतात. घर घेतलेल्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारता येतील. तुमच्या घराच्या कागदावर बाईचं नाव आहे का? तुमच्या हॉलमध्ये वस्तीतलं पोरगं बसून अभ्यास करू शकतं का? आणि बाबासाहेब तुमच्या कुठल्या भिंतीवर आहेत? या तिन्हीची उत्तरं चांगली असतील तर त्या माणसाला 'फ्लॅटवाला' म्हणून हिणवू नका, त्याच्या घरी पुढची बैठक घ्या. उत्तरं वाईट असतील तर हिणवूनही उपयोग नाही, जाऊन बोला. माझे पप्पा बोलण्याने वळले, टोमण्याने वळले नसते.

आणि तरुण कार्यकर्त्यांनो, तुमच्यासाठी एक काम. येत्या रविवारी मोर्चा नसेल, बैठक नसेल, तर घरच्यांना घेऊन बाहेर पडा. आईला त्या दिवशी डबा करायला लावू नका. मळवलीला उतरा, कार्ल्याला जा, सामी सुताराचं नाव पोरांना सांगा. हॉटेलात खुर्चीवर बसून चहा प्या आणि बिल देताना लक्षात ठेवा, या चहासाठी आणि या रविवारसाठी आपल्या कितीतरी माणसांनी किंमत मोजली आहे. तो रविवार ओव्हरटाइमला विकू नका आणि अपराधी वाटून फुकटही घालवू नका.

आमच्या घराचं काम अजून चालू आहे. मांडणीचे दोन कप्पे झालेत, चार बाकी आहेत. पुस्तकं द्यायची असतील तर जरूर कळवा, दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षांची आधी.

जयभीम! नमो बुद्धाय!